टॉगल तुटली तर तुटू द्या

परवा संकेश्वरकडच्या एका खडी क्रशरवरून फोन आला. "मेस्त्री, टॉगल परत गेली बघा. महिन्यात तिसरी. ह्या खेपेला चांगली जाड प्लेट करून घालू काय? दर वेळी कुठं बंद ठेवत बसायचं?" टॉगल म्हणजे क्रशरच्या हलत्या जबड्यामागची टेकूची प्लेट. मी हत्तरगीच्या टोलनाक्याच्या अलीकडं होतो. गाडी बाजूला घेतली आणि सांगितलं, मी येईपर्यंत वेल्डरला हात लावू देऊ नका.

सव्वीस वर्षं क्रशरची कामं करतोय. निपाणी, चिकोडी, हुक्केरी, खानापूर, जिथून फोन येईल तिथं चेनपुली आणि पान्यांची पेटी घेऊन जातो. सगळ्यांत जास्त वेळा कानावर आलेलं वाक्य हेच, "जरा जाड करून घालू." म्हणून आज हे सविस्तर लिहितोय.

ज्यांनी जॉ क्रशर जवळून बघितला नाही त्यांनी घरातला अडकित्ता डोळ्यांसमोर आणावा. एक पातं स्थिर, दुसरं हलतं, मध्ये सुपारी. क्रशरमध्ये दोन्ही पात्यांच्या जागी खाचा असलेल्या जाड प्लेटी असतात, आणि सुपारीच्या जागी पोकलेननं आणून टाकलेला दगड. वरच्या बाजूला एक्सेंट्रिक शाफ्ट, म्हणजे मध्यापासून बाजूला सरकवलेला दांडा फिरतो, त्याच्या दोन्ही टोकांना फ्लायव्हील, म्हणजे जड चाकं. हलता जबडा, म्हणजे आम्ही ज्याला पिटमन म्हणतो तो, पुढं येतो तेव्हा दगड चिरडतो, मागं जातो तेव्हा फुटलेला माल खाली घसरतो. मोटर सारखी फिरत असली तरी काम अर्ध्या फेरीतच होतं. उरलेल्या अर्ध्या फेरीतली ताकद फ्लायव्हील साठवून ठेवतं आणि पुढच्या घावाला देतं.

ह्या पिटमनच्या पाठीमागं, अगदी खाली, एक साधी ओतीव लोखंडाची प्लेट उभी असते. दोन खोबणींत नुसती टेकलेली. ना बोल्ट, ना वेल्डिंग. स्प्रिंगचा एक रॉड जबडा मागं ओढून धरतो म्हणून ती जागेवर राहते, एवढंच. दगड फोडताना खालच्या अंगाला जो दाब येतो तो ह्या प्लेटीतून मागच्या फ्रेमवर जातो. तीच टॉगल. अख्ख्या क्रशरमध्ये सगळ्यांत स्वस्त भागांतला हा एक.

ती मुद्दाम कमजोर ठेवलेली असते. दगडाबरोबर पोकलेनच्या बकेटचा दात आत गेला तर तो फुटणार नाही. मग काहीतरी दुसरं फुटलंच पाहिजे. टॉगल तुटते, जबडा मागं पडतो, मशीन रिकामं फिरत राहतं. दोन-चार तासांचं काम आणि एक प्लेट, एवढ्यावर भागतं. घरातला फ्यूज उडतो तसं. फ्यूजच्या जागी खिळा घातला तर काय जळेल हे सगळ्यांना कळतं, टॉगलच्या बाबतीत मात्र तेच पटवायला तोंड दुखतं.

एका ठिकाणी मला ते पटवता आलं नाही. खानापूर तालुक्यातलं क्रशर. मालकांनी माझ्या माघारी पोलादाची दुप्पट जाडीची प्लेट करून बसवली होती. दोन महिने चालली, आणि मला सांगितलं गेलं की मेस्त्री, तुमचं गणित चुकलं. दसरा होऊन गेला, पावसाचं पाणी खाणीतून उपसून झालं, रस्त्याच्या कामांना खडीची ओढ लागली, म्हणजे ऐन हंगाम. आणि बकेटचा दात गेला. ऑपरेटर म्हणाला, आवाज असा आला की जेवायला बसलेली माणसं ताटावरनं उठली.

मी पोचलो तर वरवर काही दिसत नव्हतं. टॉगल जशीच्या तशी उभी. मग पिटमनचा मागचा भाग घासून साफ केला, त्यावर रॉकेल फिरवलं, कापडानं कोरडं पुसलं आणि वरून खडूची पूड चोळली. पाच मिनिटं थांबलो. पांढऱ्या पुडीवर एक ओली काळी रेघ हळूहळू वर चढत गेली, बेअरिंगच्या घरापासून वीतभर खाली. फटीत शिरलेलं रॉकेल बाहेर येत होतं. मालक माझ्या शेजारी उकिडवे बसले होते. ते काही बोलले नाहीत, मीही बोललो नाही. क्रशर बावीस दिवस बंद राहिला. तो दात मी अजून ठेवलाय, कोपरापासून मनगटापर्यंत भरेल एवढा आहे.

जबड्याच्या प्लेटींचं वेगळंच. त्या झिजण्यासाठीच असतात. मँगनीज स्टीलच्या, साधारण १२ ते १४ टक्के मँगनीज. रॉबर्ट हॅडफील्ड नावाच्या इंग्रजानं १८८२ साली हे पोलाद शोधलं. त्याची गंमत अशी, की नवी प्लेट त्या मानानं मऊ असते, हातोडा मारला तर खूण उठते. दगडाचा मार बसायला लागला की तिची कातडी कडक होत जाते. थोडे दिवस चाललेल्या प्लेटीवर कानस नुसती घसरते. मार खाऊन कडक होणारा असा धातू मी दुसरा हाताळलेला नाही. आणखी एक, ह्या प्लेटीला लोहचुंबक चिकटत नाही. नवी प्लेट आली की मी आधी खिशातला चुंबक लावतो. जोरात चिकटला तर माल परत. पण त्याच गुणामुळं प्लेटीचा तुटका तुकडा बेल्टवरच्या चुंबकालाही सापडत नाही आणि सरळ पुढच्या कोन क्रशरात, म्हणजे खडी आणखी बारीक करणाऱ्या मशीनमध्ये जातो. तिथं मेटल डिटेक्टरच पाहिजे.

प्लेट खालच्या टोकाला आधी झिजते, कारण शेवटची चेपाचेप तिथंच होते. वेळेवर उलटी करून बसवली तर तीच प्लेट पुन्हा चालते. उशीर केला तर खाचा सपाट होतात आणि चपटी खडी पडायला लागते. चपटी खडी काँक्रीटला वाईट, ती लवकर मोडते आणि तिला सिमेंटही जास्त लागतं. आमच्या काळ्या दगडावर प्लेट जेवढी टिकते तेवढी गोकाकच्या बाजूच्या दगडावर टिकत नाही. गोकाकचा धबधबा ज्या दगडावरून पडतो तो गारगोटीच्या जातीचा, प्लेटीला पॉलिश पेपरसारखा खातो. आणि त्याची धूळही छातीला जास्त वाईट. आमच्या काळ्या दगडात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, मोकळी सिलिका (गारगोटीचा अंश) फार थोडी, त्या दगडात ती भरलेली. खडी चाळायच्या जाळीला ओली कच चिकटते म्हणून पाण्याचे फवारे बंद ठेवणारी ठिकाणं मी बघितलीत. जाळी धुता येते. तिथं कामाला असलेल्या पोरांच्या छातीत गेलेली धूळ निघत नाही.

माझी जतची आज्जी, आईची आई, १९७२ च्या दुष्काळात रोजगाराच्या कामावर खडी फोडायची. उन्हात बसून, हातोडीनं. ती सांगायची, संध्याकाळी मूठ उघडायची नाही, दुसऱ्या हातानं एकेक बोट सोडवायला लागायचं. हॉपरमध्ये एक डंपर रिकामा होतो आणि काही मिनिटांत त्याची खडी होऊन बेल्टवर चढते, तेव्हा मला दर वेळी तिची मूठ आठवते. ह्या मशीनला मी नावं ठेवत नाही आणि कुणी ठेवलेली मला चालत नाहीत. म्हणूनच त्याचे हाल झालेले बघवत नाहीत.

तर संकेश्वर. पोचलो तेव्हा ऑपरेटर जबड्याच्या तोंडाशी वाकला होता. "कल्ल सिक्कैत्री मेस्त्री," म्हणाला, दगड अडकलाय. आधी त्याला खाली उतरवलं. फ्यूज काढून खिशात घातले, फ्लायव्हीलखाली दोन्हीकडून लाकडाच्या पाचरी मारल्या. फ्लायव्हीलची जड बाजू वर राहिलेली असेल तर अडकलेला दगड सुटल्याबरोबर ते वीज नसतानाही अर्धी फेरी घेतं आणि जबडा मिटतो. मला काम शिकवलेल्या मेस्त्रींच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती. त्यांनी हे मला तोंडानं कधी सांगितलं नाही, नुसता हात दाखवायचे.

मग तुटलेल्या टॉगलचे दोन तुकडे उन्हात नेऊन बघितले. फोड सगळी करडी, ताजी, कुठंही गंजाचा डाग नाही. म्हणजे जुनी भेग वाढत गेलेली नव्हती, एकदम दाब आला होता. पण आत लोखंड सापडलं नाही. खाली वाकून जबड्याचं तोंड मोजलं आणि कारण हाताला लागलं. ६५ मिलिमीटरचं सेटिंग ३५ वर आणलेलं. जॉमधूनच बारीक माल निघावा, पुढच्या कोनचा भार कमी व्हावा म्हणून कुणीतरी टॉगलच्या मागं शिम, म्हणजे तोंड कमी-जास्त करायच्या पट्ट्या, वाढवल्या होत्या. त्यात माती मिसळलेला दगड. खालच्या तोंडाला माती आणि चुरा घट्ट बसून विटेसारखा झालेला, आणि जबडा दर फेरीला त्या विटेवर आपटत होता. टॉगल बिचारी तीनदा सांगून तुटली.

वाढवलेल्या शिम काढल्या. खालचा गाळा पहारीनं फोडून काढला. नवी टॉगल घातली, नेहमीच्याच जाडीची. खोबणींना ग्रीस, स्प्रिंगचा ताण बघितला, पाचरी काढल्या, फ्यूज दिले. क्रशर आधी दहा मिनिटं रिकामा फिरवला, मग दगड आत सोडणारा फीडर सुरू केला. मालक बाजूला उभे राहून ऐकत होते. "आवाज बदललाय की," म्हणाले.

निघताना फ्रेमवर खडूनं मोठ्ठं ६५ लिहिलं. ऑपरेटर म्हणाला, पावसानं पुसून जाईल, आणि आतून पिवळ्या ऑइलपेंटचा डबा आणला. त्यानं कानडीत लिहिलं, मी त्याखाली मराठीत. पुढच्या खेपेला गेलो की मशीनच्या आधी तो आकडा बघणार आहे, आणि मग जबड्याला टेप लावणार आहे.