तंबूतून उद्यानाच्या रंगमंचावर : आमची वाटचाल

आमची संस्था मनोरंजन उद्यानांसाठी लाइव्ह शो उभे करते. उद्यानाने जागा आणि वीज द्यायची. कलाकार, साहित्य, संगीत, वेशभूषा, तालीम आणि रोजचे खेळ ही सर्व जबाबदारी आमची, असे आमच्या कामाचे साधारण स्वरूप आहे. आम्ही या क्षेत्रात आलो तेव्हा उद्यानाचा खरा धंदा राइड्सचा, आणि शो म्हणजे थकलेल्या माणसाने घटकाभर टेकावे यासाठी केलेली सोय, असा समज रूढ होता. हा समज आम्हाला कधीच पटला नाही. शो हा उद्यानाच्या संपूर्ण दिवसाच्या आखणीचा भाग असला पाहिजे आणि तो करणाऱ्या कलाकाराला रोजंदारीऐवजी महिन्याचा पगार मिळाला पाहिजे, या दोन आग्रहांवर आमची वाटचाल झाली. रोज वेगळे कलाकार येत असतील तर कोणताही शो उद्यानाच्या वेळेत आणि जागेत नेमका बसवता येत नाही, त्यामुळे आमच्या दृष्टीने हे दोन आग्रह मुळात एकच आहेत.

आमचे मूळ सांगली जिल्ह्यातले, आणि सांगलीचा माणूस खेळांच्या धंद्यात आला की त्याची नाळ सर्कशीशी जुळलेली असते. मुंबईत आलेली कियारिनी यांची इटालियन सर्कस पाहून विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली आणि भारतीय सर्कशीचा आरंभ झाला. पुढे देवल, कार्लेकर, माळी यांच्या सर्कशींची नावे आमच्या भागातल्या घराघरांत पोहोचली. माझे वडील एका फिरत्या सर्कशीत व्यवस्थापक होते. तंबू कोणत्या मैदानावर ठोकायचा, पाणी कोठून आणायचे, नगरपालिकेची परवानगी कोणाकडून घ्यायची आणि मुक्काम हलवताना शेवटचा ट्रक केव्हा निघायचा, हे सारे त्यांच्या डोक्यात असे. व्यवसायाचे शिक्षण मला तेथेच मिळाले.

मात्र माझ्या पिढीसमोर सर्कस आटत गेली. केंद्र सरकारच्या १९९८ च्या अधिसूचनेने वाघ, सिंह, अस्वल, माकड आणि बिबळ्या यांच्या खेळांवर बंदी आली आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. २०११ मध्ये त्याच न्यायालयाने सर्कशीत मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केली. हे दोन्ही निर्णय योग्यच होते, असे माझे स्पष्ट मत आहे. पिंजऱ्यातला वाघ आणि शाळेला मुकलेले मूल यांच्या जिवावर चालणारा धंदा टिकावा असे कोणाला वाटेल? परंतु शहरांतली मोठी मैदाने महाग झाली, टीव्ही घराघरांत गेला, आणि या साऱ्याचा एकत्रित परिणाम म्हणून झुल्यावरचे, सायकलवरचे, तोल सांभाळण्याच्या खेळातले तयार कलाकार हाताला काम नसल्यामुळे गावी बसले. त्याच काळात दुसरीकडे मनोरंजन उद्याने वाढत होती. दिल्लीचे अप्पू घर १९८४ मध्ये सुरू झाले, मुंबईत गोराईला १९८९ मध्ये एस्सेलवर्ल्ड आणि १९९८ मध्ये त्याच्या शेजारी वॉटर किंगडम आले, आणि २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका उघडले. एकीकडे कलाकार रिकामे होते आणि दुसरीकडे रंगमंच तयार होते. त्यांना जोडणारे कोणी नव्हते, ते काम आम्ही पत्करले.

सुरुवात लहानच होती. शाळांची स्नेहसंमेलने, गृहसंकुलांचे कार्यक्रम, मॉलमधल्या सुट्टीच्या दिवसांतल्या जत्रा, आणि मग एका उद्यानाच्या दिवाळीच्या सुट्टीसाठी मिळालेले पहिले काम. चार कसरतपटू, एक विदूषक आणि उंच काठ्यांवर चालणारे दोघे, एवढाच आमचा ताफा होता. त्या सुट्टीत आम्ही खेळापेक्षा गर्दीच अधिक पाहिली, आणि पुढे आमच्या कामाला जे वळण लागले ते त्या निरीक्षणामुळे.

उद्यानात येणारे कुटुंब सकाळी दार उघडताच सर्वांत मोठ्या राइडकडे धावते. त्या वेळी शो ठेवला तर रंगमंचापुढे कोणी नसते. दुपारी एकच्या सुमारास उन्हाने आणि भुकेने सगळेच गळून जातात, लहान मुले किरकिर करू लागतात, आजी-आजोबा सावली शोधतात. तेव्हा छताखालच्या जागेतला वीस मिनिटांचा शो सर्वांना एकत्र बसवतो. वीस मिनिटे हे आमच्यासाठी जवळपास पक्के माप आहे, कारण त्याहून लांबला तर लहान मूल उठते आणि त्याच्यामागे सारे घर उठते. शो सुटल्यावर शेकडो माणसे एकदम बाहेर पडतात, म्हणून आम्ही वेळापत्रक ठरवण्यापूर्वी जवळची उपाहारगृहे, स्वच्छतागृहे आणि पुढच्या राइडच्या रांगा यांची माहिती उद्यानाकडून मागून घेतो. जलउद्यानात लाटांचा तलाव ठरावीक वेळ चालतो आणि मग लाटा थांबतात. आमचा खेळ लाटा थांबताच सुरू झाला पाहिजे, कारण लाटा चालू असताना पाण्यातून कोणीही बाहेर येत नाही. तेथले प्रेक्षक ओल्या अंगाने बसतात, त्यामुळे बाकांना गादी नको, फरशी घसरणारी नको आणि पंख्याचा झोत थेट अंगावर नको, अशा बारीकसारीक गोष्टीही आम्ही करारात लिहू लागलो.

उघड्यावरच्या रंगमंचाची दिशा हा मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा विषय आहे. संध्याकाळच्या खेळाला प्रेक्षक पूर्वेकडे तोंड करून बसले तर ऊन त्यांच्या पाठीवर येते आणि रंगमंच उजळतो. झुल्याची रेषा मात्र उत्तर-दक्षिण ठेवावी लागते, कारण समोरून सूर्य आला तर झेल घेणाऱ्याला उडी मारणाऱ्याचे हात दिसत नाहीत. नवे उद्यान उभे राहत असेल तर आम्ही वास्तुविशारदांना नकाशावर पेन टेकण्याआधीच भेटण्याची विनंती करतो. खांब एकदा रोवले गेले की मग वेळापत्रक बदलण्याखेरीज हाती काही उरत नाही.

दिवसाचा शेवटचा भाग मिरवणुकीचा असतो. ती आम्ही उद्यानाच्या सर्वांत आतल्या टोकापासून सुरू करतो आणि प्रवेशद्वाराजवळच्या चौकात संपवतो. बंद होण्याची वेळ झाल्याचे ध्वनिक्षेपकावरून वारंवार ओरडून सांगण्यापेक्षा ढोल-ताशा, उंच काठ्यांवरचे कलाकार आणि रंगीत रथ यांच्यामागे माणसे आपणहून दाराकडे येतात, आणि दिवसाचा शेवट दटावणीने न होता आनंदाने होतो. मिरवणुकीची चाल आईचे बोट धरलेल्या चार वर्षांच्या मुलाच्या चालीइतकी ठेवायची, हा नियम आमच्याकडे कोणालाही मोडता येत नाही.

महाराष्ट्रातल्या उद्यानांत मराठी, गुजराती आणि हिंदी बोलणारी कुटुंबे एकाच बाकावर शेजारी शेजारी बसतात. सुरतेची सहल, पुण्याची शाळा आणि डोंबिवलीचे एकत्र कुटुंब एकाच वेळी हसावे, यासाठी आमच्या बहुतेक खेळांत संवादच नाहीत. विदूषकाचा मूकाभिनय, तोल, उडी, झेल आणि संगीत एवढ्यावर कथा पुढे सरकते. संगीतही आम्ही स्वतःचे बांधून घेतले. लोकप्रिय गाणी वाजवायची तर परवान्याचे शुल्क भरावे लागते, ते भरणे रास्तच आहे. परंतु खेळाच्या श्वासाशी जुळणारे संगीत बाजारात तयार मिळत नाही. झुला हातातून सुटण्याच्या क्षणी ताल थांबतो आणि झेल होताच परत उसळतो, ही जुन्या सर्कशीतल्या बँडमास्तरांची विद्या आहे, आणि आमच्या संगीतकारांनी ती एका वृद्ध बँडमास्तरांकडे बसून शिकून घेतली.

आता मोठ्या बाहुल्याच्या वेशातल्या, म्हणजे मॅस्कॉटच्या आत असणाऱ्या कलाकाराविषयी लिहिले पाहिजे, कारण उद्यानात त्याच्याइतके फोटो कोणाचेच निघत नाहीत आणि त्याच्याइतका दुर्लक्षितही कोणी नसतो. फोम आणि कृत्रिम केसाळ कापडाच्या त्या वेशात एप्रिल-मे महिन्यांत असह्य उकाडा होतो. म्हणून आमच्याकडे एका वेळी वीस मिनिटांहून अधिक काळ कोणी बाहेर राहत नाही, त्यानंतर तेवढीच विश्रांती, पाणी आणि मीठ-साखरेचे सरबत. डोक्याच्या साच्यात छोटा पंखा असतो. आतल्या माणसाला तोंडाच्या जाळीतून जेवढे दिसेल तेवढेच दिसते, त्यामुळे त्याच्यासोबत एक सोबती सतत असतो. मागून ओढणाऱ्या मुलांना तो प्रेमाने आवरतो आणि पायऱ्या आल्या की कलाकाराच्या खांद्याला हात लावतो. प्रत्येक कलाकाराची डोक्याला बांधायची सुती टोपी वेगळी असते आणि वेश रोज रात्री वाळवून निर्जंतुक केला जातो. अगदी लहान बाळ घाबरते, तेव्हा मॅस्कॉटने त्याच्याकडे न जाता थोडे दूर गुडघ्यावर बसावे आणि बाळाने ठरवावे, हे प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी सांगितले जाते. कराराच्या बोलणीत काही व्यवस्थापनांनी सोबत्याचा खर्च वाचवण्याची सूचना केली, तेव्हा तेवढ्या कारणासाठी आम्ही काम सोडून दिले आहे.

सुरक्षिततेच्या बाबतीत राइड्सचे शास्त्र पुढे गेलेले आहे. त्यांच्यासाठी आयएस १५४७५ हे भारतीय मानक आहे आणि चांगल्या उद्यानात दर सकाळी प्रवासी बसण्यापूर्वी राइड रिकामी फिरवून पाहतात. आमच्या झुल्याच्या दोऱ्या आणि त्या अडकवायच्या धातूच्या कड्या (शॅकल आणि कॅराबिनर) यांच्याकडे मात्र सुरुवातीच्या काळात ‘तुमचे साहित्य, तुम्ही पाहा’ एवढ्याच नजरेने पाहिले जाई. आम्ही राइड्सची शिस्त उचलली. प्रत्येक दोरीची आणि कडीची नोंदवही असते, ती केव्हा घेतली आणि केव्हा बाद करायची हे तिच्यात लिहिलेले असते, आणि रोज दोघे जण तपासून सही करतात. ज्याच्या अंगाला ती दोरी लागणार आहे त्याच्याखेरीज दुसऱ्या एकाची सही हवीच. वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्र रंगमंचाच्या माथ्यावर बसवलेले असते. मृगाच्या आधी कोकणपट्टीत आणि घाटाच्या पायथ्याशी अचानक वावटळ उठते, तेव्हा हवेतला खेळ रद्द होऊन जमिनीवरचा पर्यायी खेळ सुरू होतो, आणि तो निर्णय घेण्याचा अधिकार कोणत्याही कलाकाराला आहे. त्यानंतर त्याला कारण विचारले जात नाही. अठरा वर्षांखालील कोणालाही आम्ही कामावर घेत नाही.

आमच्या कार्यक्रमांत मल्लखांब आला तो एका शिक्षकांच्या आग्रहामुळे. दुसऱ्या बाजीरावांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी नावारूपाला आणलेला हा व्यायामप्रकार उद्यानात पाहून परदेशी पाहुणे थक्क होतात, आणि आपली मराठी मुले आईवडिलांना ‘हे आमच्या शाळेत आहे’ असे अभिमानाने सांगतात. त्यात एक व्यावहारिक अडचण होती. पुरलेल्या मल्लखांबाला एरंडेल तेल लावावे लागते. ते खेळाडूंच्या अंगाला आणि रंगमंचाला लागले की त्यानंतरच्या कसरतपटूंचे हात-पाय घसरण्याचा धोका असतो. त्यामुळे मल्लखांब नेहमी सर्वांत शेवटी, स्वतंत्र चौथऱ्यावर आणि वेगळ्या चटईवर होतो. दोरीच्या मल्लखांबाला तेलाची गरज नसते, म्हणून मुलींचा तो खेळ आम्ही मधल्या भागात घेतो.

पगाराविषयी. फिरत्या सर्कशीतल्या माणसाला पत्ता नसतो. शिधापत्रिका एका गावात, मतदान दुसऱ्या गावात आणि मुलांची शाळा कोठेच नाही, अशी अनेक कुटुंबे मी लहानपणी पाहिली आहेत. उद्यान जागचे हलत नाही, ही आमच्या कलाकारांच्या दृष्टीने त्याची सर्वांत मोठी देणगी आहे. आम्ही उद्यानाजवळच्या गावांत घरे भाड्याने घेतली, कलाकारांना प्रॉव्हिडंट फंड आणि ईएसआय या कामगार विमा योजनेत आणले, आठवड्याची सुट्टी पक्की केली. झुल्यावरच्या कलाकाराचे वय चाळिशीकडे झुकले की त्याला साहित्य तपासनीस, वेशभूषा विभाग किंवा तालीम देण्याच्या कामावर घेतो, पगार न घटवता. आज आमच्या कलाकारांची मुले खालापूर आणि पनवेल तालुक्यांतल्या शाळांत सलग शिकत आहेत. संस्थेच्या उलाढालीपेक्षा मला याचा आनंद अधिक आहे.

अडचणीचे दिवस थोडक्यात सांगतो. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा उद्यानांच्या तिकिटावर २८ टक्के कर होता. जानेवारी २०१८ मध्ये तो १८ टक्क्यांवर आला, परंतु मधल्या काळात उद्यानांनी खर्च कमी करताना सर्वप्रथम शो कमी केले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि उद्याने दीर्घकाळ बंद राहिली. संस्थेच्या दोन गाड्या आणि तालमीची जागा विकून आम्ही अर्धे पगार चालू ठेवले, त्यामुळे उद्याने उघडली तेव्हा बहुतेक मंडळी परत आली. घरातल्या घरात सराव कायम ठेवणाऱ्या त्या कलाकारांचे ऋण मोठे आहे.

सध्या आमच्याकडे दोन कामे चालू आहेत. जलउद्यानासाठी बिनसंवादाचा एक नवा खेळ पावसाळ्यात तालमीला आहे आणि दिवाळीच्या सुट्टीत तो प्रेक्षकांसमोर येईल. दुसरे काम दोऱ्या आणि उंचीवरच्या साहित्याची जोडणी शिकवणाऱ्या वर्गाचे आहे. त्यात आमच्या निवृत्त झुलापटूंबरोबर एक यांत्रिकी अभियंता शिकवतात आणि शिकणाऱ्यांना विद्यावेतन मिळते. इतर संस्थांनीही आपली माणसे या वर्गाला पाठवावीत, अशी आमची विनंती आहे, आणि त्यांच्यासाठी पहिल्या तुकडीत जागा राखून ठेवल्या आहेत.