ज्वारीचं कांडं, नोंद ६ : रंग न चढण्यामागचं खरं कारण

मागच्या नोंदीत फ्लोरोग्लुसिनॉल (लिग्निनला, म्हणजे पेशींच्या भिंती कडक करणाऱ्या पदार्थाला, लाल रंग देणारं रसायन) खराब निघालं म्हणून बोंब मारली होती. शब्द मागे घेतो. रसायन ठणठणीत आहे, चुकली ती कापाची जागा.

मी काप घेत होतो पेराच्या (दोन कांड्यांमधल्या सांध्याच्या) जेमतेम अर्धा सेंटिमीटर वर. बुडाकडचं ते निबर, हा माझा समज. पण गवताचं कांडं वाढतं तळातून, पेराला लागून. म्हणजे एकाच कांड्यात खालचा भाग सगळ्यात कोवळा, वरचा जुना. गवताची काडी उपसून तिचं पांढरं, गोडसर टोक चघळण्यात बालपण गेलं, तरी हे डोक्यात आलं नाही!

काल कुंडीतल्या मालदांडीचं एकच वाढतं कांडं घेतलं. गाजराच्या फोडीत धरून नव्या ब्लेडने तळ, मध्य, वर असे काप. त्यांवर फ्लोरोग्लुसिनॉलचं अल्कोहोलमधलं २ टक्के द्रावण, ते सुकत आल्यावर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब. (वाफेने सूक्ष्मदर्शकाचं ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे कापाजवळचं भिंग, खराब होतं. कव्हरस्लिप टाकून कडा टिपून घ्या, खिडकी उघडी ठेवा.)

तळाच्या कापात प्रत्येक वाहिनीपुंजात (पाणी आणि अन्न वाहणाऱ्या नळ्यांच्या जुडग्यात) एकदोन लाल ठिपके, बस्स. उभा काप घेतला तेव्हा कळलं, त्या जलवाहिनीच्या भिंतीवरच्या सुट्या कड्या आहेत, मनगटावर अंतराअंतराने चढवलेल्या बांगड्यांसारख्या. पेशी अजून लांबतेय, सगळी भिंत आताच कडक झाली तर ताणणार कशी? मधल्या कापात रुंद जलवाहिन्या आणि पुंजाभोवतीचे तंतू रंगले. वरच्या कापात सालीखालचा पट्टाही गर्द लाल. तंतूंमध्ये लिग्निन आधी पेशींच्या कोपऱ्यांत आणि मधल्या पटलात (शेजारच्या पेशींना जोडणाऱ्या थरात) भरतं, भिंतीच्या जाडीत नंतर. माझ्या कापांत हा क्रम काही दिसला नाही, काप जाडच पडतात.

भिंतीत काय घडतं? पेशी फेनिलअॅलनिन या अमिनो आम्लापासून लिग्निनचे सुटे घटक बनवते. गवतांचं वैशिष्ट्य असं की ती टायरोसिन या दुसऱ्या अमिनो आम्लापासूनही सुरुवात करतात, एक पायरी वाचते. घटक भिंतीत पोचले की लॅकेज आणि पेरॉक्सिडेज ही विकरं त्यांना मूलकं (सुट्या इलेक्ट्रॉनमुळे चटकन जोडले जाणारे कण) बनवतात, मग ती एकमेकांना चिकटतात. गवतात भिंतीतल्या झायलन या शर्करेच्या लांब साखळ्यांना फेरुलिक आम्ल लटकलेलं असतं, लिग्निन त्यालाही अडकतं. कडबा पचायला जड जातो तो बराचसा यामुळेच.

आपला लाल रंग लिग्निनमधल्या अल्डिहाइड टोकांना चढतो, त्यामुळे रंग गडद म्हणजे लिग्निन तितकं जास्त, असा हिशेब करू नका. फोटोही लगेच काढा. माझा तळाचा काप चहा घेऊन येईपर्यंत फिका पडला होता.