तक्रार नसलेलं इंजिन

विमान हँगरमध्ये ढकलत आणलं तेव्हा त्याच्या इंजिनाबद्दल एकही तक्रार नव्हती. वैमानिकांच्या नोंदी स्वच्छ होत्या. तेल नेहमीएवढंच लागत होतं, स्टार्टच्या वेळचं तापमान मर्यादेच्या बरंच खाली राहत होतं. टॉर्क, तापमान आणि इंधनाच्या आकड्यांचा आलेख वर्षभर सरळ रेषेत चालला होता. एका इंजिनाचं टर्बोप्रॉप विमान, म्हणजे टर्बाइनने प्रॉपेलर फिरवणारं, रुग्णवाहिका म्हणून चालणारं. ते मी उघडायला घेतलं ते एका कागदामुळे.

त्या कागदाला आम्ही एडी म्हणतो, म्हणजे एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह, विमान उडण्यायोग्य राहावं म्हणून काढलेला सक्तीचा आदेश. उत्पादक सर्व्हिस बुलेटिन काढतो, त्यात सुधारणा सुचवतो, कधी निकडीनेही सांगतो. पण कायद्याने हात बांधते ती एडी. इंजिन ज्या देशात प्रमाणित झालं तिथला नियामक ती काढतो, आणि आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या आठव्या परिशिष्टानुसार ती माहिती इतर देशांना कळवावी लागते. अमेरिकेत एफएए, युरोपात ईएएसए, कॅनडात ट्रान्सपोर्ट कॅनडा, असा जो तो आपापल्या क्रमांकाने ती लागू करतो. एडी पाळली नसेल तर ते विमान उडण्यायोग्य नाही. उडून सुखरूप परत आलं, तरीही नाही.

आमच्या एडीचा विषय होता कॉम्प्रेसर टर्बाइनची, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्रेसर फिरवणाऱ्या चाकाची, ब्लेड्स. ज्वलनकक्षातून निघालेल्या वायूचा पहिला मार ही ब्लेड्स खातात. एकेक ब्लेड काही ग्रॅमचं, पण मिनिटाला सदतीस हजारांच्या आसपास फेरे घेताना त्याच्या मुळाशी टनांत मोजावी लागेल एवढी ओढ बसते. कॉकपिटमध्ये जे तापमान दिसतं ते वायू या टर्बाइनमधून बाहेर पडल्यानंतर, दोन टर्बाइनांच्या मध्ये मोजलेलं असतं. म्हणजे वैमानिक काट्यावर जो आकडा पाहतो, त्याहून कितीतरी जास्त उष्णता हे ब्लेड सोसत असतं.

अशा अवस्थेत धातूला क्रीप होतो. तुटण्याइतका ताण नसला तरी, तापलेला धातू तासन्‌तास ओढलेला राहिला की कणाकणाने लांबत जातो. ओल्या कपड्यांनी भरलेली दोरी महिनोन्‌महिने तशीच राहिली की झोळ धरते, तसंच काहीसं. पण दोरीचा झोळ डोळ्यांना दिसतो. ब्लेडमध्ये धातूच्या स्फटिककणांच्या सीमांवर सूक्ष्म पोकळ्या तयार होतात, वाढतात, एकमेकींना मिळतात, आणि हे सगळं चालू असताना बाहेरून ब्लेड ठाकठीक असतं. ज्या क्षणी ते तुटतं, त्या क्षणी तुकडे मागच्या-पुढच्या ब्लेड्सवर आदळतात आणि काही सेकंदांत इंजिनाची शक्ती संपते. दोन इंजिनं असतील तर दुसऱ्यावर घरी येता येतं. या विमानाला दुसरं नव्हतं.

एडीने सांगितलं होतं ते असं: ठरलेल्या तासांच्या आत सगळी ब्लेड्स बोरस्कोपने, म्हणजे इंजिनात घालायच्या बारीक कॅमेऱ्याने, पाहा आणि पुढे ठरलेल्या अंतराने पाहत राहा. संच एका मर्यादेपलीकडे वापरला गेला असेल तर त्यातली दोन ब्लेड्स काढून प्रयोगशाळेत कापून तपासा. आणि सिंगल क्रिस्टल ब्लेड्सचा नवा संच बसवलात, तर या दोन्हींतून कायमची सुटका.

असं काम लॉगबुकापासून सुरू होतं, आणि माझ्या मते त्यातला सगळ्यात कसाचा भाग तोच. इंजिनाचे तास आणि ब्लेड्सचे तास एकच असतील असं धरून चालता येत नाही. हे इंजिन दोन मालकांच्या हातून आलेलं. मागच्या हॉट सेक्शन तपासणीत, म्हणजे इंजिनाच्या तापणाऱ्या भागाच्या तपासणीत, ब्लेड्सचा संच बदललेला, पण बसवलेला संच नवा नव्हता, दुरुस्त करून आलेला होता. सुटा भाग वापरायला योग्य असल्याचं जे रिलीज सर्टिफिकेट येतं, त्यावर पार्ट नंबर ठळक होता आणि 'नवं असल्यापासूनचे तास' हा रकाना कोरा.

माझ्याबरोबरचा तरुण तंत्रज्ञ म्हणाला, "सर, इंजिनाचे तास धरले तर?"

"मग ते ब्लेड याच इंजिनात जन्मलं असं आपण लिहून दिल्यासारखं होईल."

त्याने ते काम मनावर घेतलं. जुनी वर्क ऑर्डर काढली, ज्या वर्कशॉपने संच दिला होता तिथे पत्र पाठवलं, उत्तर येईना म्हणून पुन्हा पाठवलं. शेवटी एका पिवळ्या पडलेल्या पानाची स्कॅन प्रत आली. त्यात तो संच आधी दुसऱ्या एका इंजिनात बराच चालल्याची नोंद होती. बेरीज केली तेव्हा विमान चालवणाऱ्या संस्थेच्या तक्त्यात पहिल्या तपासणीला जे दीडशेच्या वर तास शिल्लक दिसत होते, ते प्रत्यक्षात वीसही नव्हते. आणि प्रयोगशाळेच्या तपासणीची मर्यादा तर केव्हाच ओलांडली होती. हे पान सापडलं नसतं तर तास अज्ञात धरून सगळ्यात कडक नियम लावावा लागला असता. तो त्रास परवडतो. अंदाजाने भरलेला रकाना परवडत नाही, कारण पुढचा प्रत्येक माणूस तोच खरा धरून चालतो.

संस्थेचं ऑपरेशन्स पाहणारे साहेब दुपारी आले. माणूस लोभी नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. त्यांना रात्री-अपरात्री फोन यायचे आणि पलीकडे कुणाचा तरी बाप किंवा मूल असायचं. विमान जमिनीवर म्हणजे त्या फोनला 'नाही' म्हणणं.

"तुमच्या मेंटेनन्स प्रोग्रॅममध्ये दहा टक्क्यांची सवलत आहे ना?" ते म्हणाले. "ती घ्या. एवढा आठवडा जाऊ द्या, मग खुशाल उघडा."

"ती सवलत प्रोग्रॅममधल्या तपासण्यांना आहे, साहेब. एडीच्या तासांना लागू होत नाही. एडीनेच दिली असेल तर गोष्ट वेगळी, इथे दिलेली नाही."

"मग नियामकाकडे मुदत मागा."

"पर्यायी पद्धतीसाठी अर्ज करता येतो. पण तेवढीच सुरक्षितता राहील हे आपल्याला दाखवावं लागतं. काय दाखवू?"

"आलेख दाखवा. वर्षभर रेषा हललेली नाही."

हे मी अनेकांकडून ऐकलं आहे, आणि त्यात तथ्यही आहे. कॉम्प्रेसर मळला, इंधनाचे नोझल बिघडले, गरम वायूला फट मिळाली, की आलेखात ते उतरतं. त्या आलेखाने कितीतरी इंजिनं वेळेत वाचवली आहेत. पण ब्लेड आतून पोकळ होत असताना वायूचा प्रवाह तसाच राहतो, म्हणून रेषाही तशीच राहते. ती जे मोजते तेवढंच सांगते.

पहिलं काम बोरस्कोपचं. इंधनाचे नोझल काढून त्या जागेतून गाइड ट्यूब आत घातली, तिच्यातून कॅमेरा. तरुण तंत्रज्ञ मागून रोटर हाताने फिरवत होता, मी पडद्यावर एकेक ब्लेड पाहत होतो. सुरुवातीच्या ब्लेडची खूण ठरवून घेतली होती, नाहीतर पन्नासच्या वर ब्लेड्स असताना एखादं सुटतं किंवा एकच दोनदा पाहिलं जातं. पुढची कड, मागची कड, टोक, मूळ. काही ठिकाणी लेप उडालेला, काही टोकांना बाहेरच्या शेलवर घासल्याची चमक. भेग कुठेच नाही. गंधक आणि खारामुळे येणारे फोडही नाहीत. प्रत्येक ब्लेड मर्यादेत होतं आणि मी तसंच लिहिलं.

"मग झालं की," साहेब म्हणाले. "कॅमेऱ्यात काही दिसलं नाही."

तेव्हा मी त्यांना बसवून १९९५ ची गोष्ट सांगितली. ती टर्बाइनची नाही, प्रॉपेलरची आहे, पण टर्बोप्रॉपवर काम करणाऱ्या प्रत्येकाने ती नीट समजून घ्यावी असं मला वाटतं. १९९४ च्या मार्चमध्ये एका जातीच्या प्रॉपेलरची पाती दोन वेगवेगळ्या विमानांवर तुटली. पात्याच्या आतल्या पोकळीत बसवलेल्या बुचातल्या (कॉर्कमधल्या) क्लोरीनमुळे धातूला खड्डे पडत होते आणि तिथून भेग सुरू होत होती. मग अल्ट्रासोनिक तपासणी सक्तीची झाली. त्या तपासणीत एक पातं नापास झालं, म्हणून वर्कशॉपला गेलं. तिथे बोरस्कोपने आत पाहिलं, खड्डा-भेग काही दिसलं नाही. आतला पृष्ठभाग घासून गुळगुळीत केला आणि पातं सेवेत परत पाठवलं. २१ ऑगस्ट १९९५ रोजी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातून निघालेलं एम्ब्रेअर १२० विमान चढत असताना, अठरा हजार फुटांच्या आसपास, तेच पातं तुटलं. विमानात २९ जण होते. वैमानिकांनी विमान एका शेतात उतरवलं. कॅप्टन आणि काही प्रवासी वाचले नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने अहवालात तपासणीच्या आणि दुरुस्तीच्या पद्धतीवरच बोट ठेवलं.

साहेब थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "दोन ब्लेड्स कापली की संच मोडणार?"

"ती दोन जातील. बाकीच्यांचं निकालावर."

त्यांनी दुसऱ्या एका संस्थेला फोन लावला आणि तात्पुरत्या विमानाची बोलणी आमच्यासमोरच सुरू केली.

इंजिनाचा प्रॉपेलर फिरवणारा पुढचा भाग, म्हणजे पॉवर सेक्शन, मागच्या गॅस जनरेटरपासून सोडवून ओढून घेतला आणि टर्बाइन डिस्क बाहेर काढली. कुठली दोन ब्लेड्स द्यायची यावर आमची चर्चा झाली. तरुण तंत्रज्ञाला वाटत होतं, समोरासमोरची दोन घ्यावीत, म्हणजे संपूर्ण चाकाचा अंदाज येईल. मी टोकं घासलेली दोन निवडली. टोक घासण्याची कारणं अनेक असतात, पण लांबलेलं ब्लेड घासतंच, आणि संचातलं सगळ्यात वाईट काय असू शकतं हेच तर शोधायचं होतं. डिस्कच्या कडेला असलेल्या दातेरी, फर-ट्री खाचेतून ती सरकून हातात आली तेव्हा बाहेरून इतकी धडधाकट होती की कापायला देताना मलाही जड गेलं.

प्रयोगशाळेत ब्लेड कापतात, तुकडा राळेत बसवतात, आरशासारखा घासतात, आम्लाने कोरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. अहवाल आला त्यात छायाचित्रं होती. पहिल्या ब्लेडमध्ये कणांच्या सीमांवर सुट्या पोकळ्या. दुसऱ्यात त्या ओळीने लागलेल्या आणि दोन ठिकाणी एकमेकींत मिसळून बारीक भेग झालेली. बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत ती पोचलेली नव्हती, म्हणून जगातला कुठलाही बोरस्कोप ती दाखवू शकला नसता. खाली निकाल होता: संपूर्ण संच नापास.

तरुण तंत्रज्ञाने ते छायाचित्र कितीतरी वेळ पाहिलं. "सर, हे अजून किती चाललं असतं?"

मी त्याला उत्तर दिलं नाही, कारण ते कुणालाच देता येत नाही. दहा तास असेल, पाचशे असेल. क्रीपचा शेवटचा टप्पा भराभर जातो एवढंच खात्रीने म्हणता येतं.

नवा संच सिंगल क्रिस्टलचा आला. अख्खं ब्लेड एकाच स्फटिकाचं असल्याने त्यात कणांच्या सीमाच नसतात, म्हणजे पोकळ्या जिथे जमतात ती जागाच उरत नाही. क्रीप त्यालाही होतो, पण कितीतरी सावकाश. डिस्क वर्कशॉपमधून बॅलन्स होऊन आली. टोकांची फट मोजली, पॉवर सेक्शन जोडला, बोल्ट ठरलेल्या टॉर्कने आवळले, ते सैल होऊ नयेत म्हणून लॉकवायर घातली. ग्राउंड रनला गळती नाही, दिलेल्या टॉर्कला तापमान तक्त्याच्या आत.

मग नोंद. एडीचा क्रमांक आणि आवृत्ती, त्यातल्या कुठल्या परिच्छेदाने पूर्तता केली, इंजिनाचे तास आणि सायकल्स, नव्या ब्लेड्सचे पार्ट नंबर आणि त्यांचे तास: शून्य. तो रकाना मी तरुण तंत्रज्ञाला भरायला दिला आणि तपासून खाली सही केली.

प्रयोगशाळेचा अहवाल उत्पादकाला आणि नियामकाला पाठवला. तो पाठवणं कामाचाच भाग आहे आणि त्यात आळस झालेला मला खपत नाही. आपल्या हातात आलेली एडी कुणीतरी अशाच पाठवलेल्या अहवालांवरून लिहिलेली असते, काही वेळा मोडलेल्या विमानांवरून. इथे विमान न मोडता तीच माहिती मिळाली होती.

साहेबांच्या संस्थेकडे त्याच जातीचं आणखी एक विमान होतं. त्याच्या ब्लेड्सचे तास मर्यादेच्या बरेच आत होते, कागदपत्रंही पूर्ण होती. एडीनुसार त्याला फक्त बोरस्कोप पुरेसा होता आणि त्यात ते पासही झालं. साहेबांनी अहवालातलं दुसरं छायाचित्र पुन्हा मागवून घेतलं, मॅनेजमेंटच्या बैठकीत ते समोर ठेवलं आणि त्या विमानासाठीही नवा संच मंजूर करून आणला. आता त्याचं इंजिन उघडलेलं आहे, आणि तक्त्यातले सगळे तास तरुण तंत्रज्ञ मूळ सर्टिफिकेटांशी ताडून पाहतो आहे.