ट्रेंटच्या सभेतला ‘आणि’

आमच्या घरात दोन बायबले आहेत. मी वसईचा कॅथलिक आणि पत्नी नगरकडच्या प्रॉटेस्टंट घरातली, त्यामुळे माझ्या बायबलात ७३ पुस्तके आहेत आणि तिच्या बायबलात ६६. लग्नानंतरच्या पहिल्या २ नोव्हेंबरला, म्हणजे मृतांच्या स्मरणदिनी, दफनभूमीत मेणबत्त्या लावून परतल्यावर तिने विचारले की, मृतांसाठी प्रार्थना करायला शास्त्रात आधार कोणता? मी मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाचा बारावा अध्याय काढला, ज्यात यहुदी सेनापती यहूदा मक्काबी रणांगणात पडलेल्या सैनिकांच्या पापांसाठी यरुशलेमला अर्पण पाठवतो. तिने शांतपणे आपले बायबल माझ्यापुढे सरकवले. त्यात ते पुस्तकच नव्हते.

नेमका हाच उतारा १५१९ साली जर्मनीतल्या लाइपझिगच्या वादसभेत कॅथलिक धर्मपंडित योहान एक (मराठी वाचकाला फसवणारे आडनाव आहे खरे) यांनी शुद्धिस्थानाच्या, म्हणजे स्वर्गात जाण्यापूर्वी मृतांचे आत्मे जिथे शुद्ध होतात त्या अवस्थेच्या, समर्थनार्थ मांडला होता आणि प्रॉटेस्टंट सुधारणेचा प्रवर्तक ल्यूथरने ते पुस्तक प्रमाणग्रंथांत मोडत नाही, असे उत्तर दिले होते. त्याच सभेत, एक यांनी कोंडीत पकडल्यावर, धर्मपरिषदाही चुकू शकतात हे त्याने उघडपणे मान्य केले. माझ्या मते खरी फूट तिथे पडली, कारण त्यानंतर वाद एखाद्या शिकवणुकीपुरता न राहता, शेवटचा शब्द कोणाचा, शास्त्राचा की ख्रिस्तसभेचा, यावर आला.

कॅथलिक बाजूचे अधिकृत उत्तर ट्रेंट येथे भरलेल्या बिशपांच्या धर्मपरिषदेने ८ एप्रिल १५४६ रोजी दिले. मार्चमधल्या मसुद्यात असे म्हटले होते की, शुभवर्तमानाचे सत्य अंशतः लिखित ग्रंथांत आणि अंशतः अलिखित परंपरांत आहे. यावर आक्षेप घेणारे परिषदेतच होते. सर्व्हाइट या धर्मबंधूंच्या संघाचे प्रमुख बोनुच्चियो यांना हे विभाजन मान्य नव्हते, तर किओज्जाचे बिशप नाकियांती यांनी ग्रंथ आणि परंपरा यांना समान आदर देण्याच्या कल्पनेलाच विरोध केला. अंतिम निर्णयात समान आदर कायम राहिला; मात्र ‘अंशतः’ हा शब्द दोन्ही ठिकाणी गळला आणि त्या जागी साधा ‘आणि’ आला. हा बदल का केला, हे इतिवृत्त सांगत नाही. पुढे चारशे वर्षे बहुतेक कॅथलिक धर्मपंडितांनी त्या ‘आणि’चा अर्थ ‘अंशतः’ असाच लावला, हे मला आजही चमत्कारिक वाटते.

पत्नीशी वाद घालताना मी आमच्याकडचा नेहमीचा मुद्दा वापरला, की नव्या कराराची २७ पुस्तके कोणती, हे बायबल स्वतः सांगत नाही. नेमकी तेवढीच यादी प्रथम अलेक्झांड्रियाचे बिशप अथनेशियस यांच्या इसवी सन ३६७ च्या पत्रात आढळते, म्हणजे ती परंपरेचीच देणगी आहे. ती म्हणाली, सोनार सोन्याची पारख करतो, सोने निर्माण करत नाही. हे उत्तर मला नाकारता आले नाही. तथापि १५२९ साली मार्बुर्ग येथे केवळ शास्त्रालाच प्रमाण मानणारे ल्यूथर आणि स्वित्झर्लंडचे सुधारक झ्विंग्ली ‘हे माझे शरीर आहे’ या, शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने भाकरीविषयी उच्चारलेल्या, एवढ्याशा वाक्याच्या अर्थावरून एकमत होऊ शकले नाहीत, याकडे मी तिचे लक्ष वेधले. त्यावर तीही गप्प राहिली.

विसाव्या शतकात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या धर्मपरिषदेत, हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. प्रकटीकरणाचे ‘दोन स्रोत’ मानणाऱ्या मसुद्यावरची चर्चा थांबवावी, असे नोव्हेंबर १९६२ मध्ये १३६८ जणांनी मत दिले आणि ८२२ जणांनी विरोधात. दोन-तृतीयांश मते भरली नाहीत, तरीही पोप तेविसावे जॉन यांनी तो मसुदा मागे घेतला. १९६५ साली संमत झालेल्या दस्तऐवजात ग्रंथ आणि परंपरा एकाच दैवी झऱ्यातून वाहतात, अशी मांडणी आहे.

त्यातला दहावा परिच्छेद मी तिला कौतुकाने वाचायला दिला. ख्रिस्तसभेचा शिकवण्याचा अधिकार देवाच्या वचनाच्या वर नसून त्या वचनाचा सेवक आहे, असे त्यात म्हटले आहे. तिने त्याच्या आधीच्या वाक्यावर बोट ठेवले, ज्यात त्या वचनाचा अधिकृत अर्थ लावण्याचे काम केवळ याच अधिकाराकडे सोपवलेले आहे, आणि विचारले, ‘‘मग हा सेवक चुकला, तर त्याला सांगायचे कोणी?’’