टोळीतल्या पोराला घटसर्प झाला तेव्हा

दिवाळी झाली की आमच्या रस्त्याकडेच्या पडीक रानात ऊसतोडीची टोळी उतरते. बीडकडची माणसं. कोप्या घालतात, आमच्या बोअरचं पाणी भरतात. आई-बाप अंधारातच फडात गेले की बारकी पोरं दिवसभर आमच्या अंगणात. माझी लेक शाळेतून आली की दप्तर टाकून त्यांच्यातच. म्हणून त्यांच्यातल्या चार वर्षांच्या एका पोराला घटसर्प झाला, तेव्हा ते दुखणं एकट्या त्या कोपीचं राहिलं नाही.

सुरुवात अगदीच साधी होती. घसा दुखतोय, भाकरी नको म्हणतो, अंग जरा कोमट. कडक ताप असता तर आईनं फडातून रजा तरी मागितली असती. मग एके संध्याकाळी ती त्याला कडेवर घेऊन दारात आली. "ताई, लेकराच्या तोंडाला कसला वास येतोय बघा." मान दोन्ही बाजूंनी सुजली होती, मफलर गुंडाळावा तशी. लाळ गिळवत नव्हती, आवाज बसलेला.

गावातल्या डॉक्टरांनी जीभ दाबून बॅटरी मारली तेव्हा मीही वाकून बघितलं. टॉन्सिलवर राखाडी, मळकट थर होता, पार पडजिभेपर्यंत गेलेला. नेहमीच्या टॉन्सिलला पांढरे ठिपके येतात ते मला ठाऊक आहेत, घरात लहान मूल असलं की कळतातच. हा ठिपक्यांचा प्रकार नव्हता, सलग कातडं चिकटल्यासारखं दिसत होतं. डॉक्टरांनी त्याला हात लावला नाही. ओढलं तर रक्त येतं, आणि तुकडा सुटून श्वासनळीत गेला तर पोर गुदमरेल, म्हणाले. "कोल्हापूरला, सीपीआर दवाखान्यात न्या. आत्ताच. सकाळची वाट बघू नका." आमच्या मालकांनी, म्हणजे लेकीच्या बाबांनी, गाडी काढली.

दवाखान्यात घशातला स्वॅब घेतला, पण रिपोर्टसाठी कुणी थांबलं नाही. का, ते तिथल्या डॉक्टर मॅडमनी आईला नीट समजावलं, मीही ऐकत होते. जंतू घशातच बसतो, पण त्याचं विष रक्तातून हृदयाला आणि नसांना जाऊन लागतं. एकदा ते पेशीत शिरलं की कुठलंच औषध ते बाहेर काढत नाही. रक्तात फिरणारं विष मारायचं काम अँटिटॉक्सिनचं, म्हणून ते जितकं लवकर तितकं बरं. ते घोड्याच्या रक्तापासून बनवतात, अंगावर उलटू शकतं, म्हणून आधी थोडंसं देऊन बघितलं. पेनिसिलिन वेगळं चालू केलं. त्यानं जंतू मरतो, झालेलं विष मात्र जात नाही. त्यामुळे दोन्ही लागतात.

घसा मोकळा झाला आणि पोर हसायला लागलं, तेव्हा आम्हाला वाटलं आता सुटलो. पण इसीजी सुरूच. "बरा दिसतोय म्हणून पळवू नका, हृदयावरचा परिणाम मागाहून दिसतो," असं सिस्टर रोज बजावायच्या. घरी सोडतानाही सांगितलं, पुढचे काही आठवडे लक्ष ठेवा. पाणी पिताना नाकातून आलं, आवाज गेंगाणा झाला, तर तसंच उचलून आणा.

इकडे टोळीत वेगळीच कटकट. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. आई दवाखान्यात, म्हणजे अर्धा कोयता बसून. उचल, म्हणजे कामाचे आगाऊ पैसे, तर आधीच घेतलेली. मुकादम वाईट माणूस नव्हे, पण तोही येऊन दोनदा विचारून गेला, "कधी सोडतील?" पोराला विलग ठेवलंय, औषधाचा चौदा दिवसांचा कोर्स संपून पुन्हा तपासलेले दोन स्वॅब स्वच्छ यावे लागतात, हे त्याला कुणी सांगायचं? शेवटी मालकांनीच सांगितलं.

दरम्यान आरोग्य खात्याची माणसं गावात आली. टोळीतल्या सगळ्यांचे आणि आमच्या घरातल्या चौघांचे घशातले स्वॅब घेतले आणि लगेच एरिथ्रोमायसिन सुरू केलं. दुखत नसलं तरी घशात जंतू असू शकतो आणि खोकल्या-शिंकेतून दुसऱ्याला जातो, म्हणून सात दिवस चुकवायचं नाही. हे औषध पोटाला फार लागतं. लेक दुसऱ्याच दिवशी "पोटात कळ येते" म्हणून तोंड मिटून बसली. दूधभात पोटभर खाऊ घालून मगच गोळी, हा उपाय लागू पडला. आशाताई रोज येऊन सगळ्यांचे घसे बघून जायच्या.

लेकीचं लसीकरणाचं कार्ड होतं. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांची पेंटा, दीड वर्षाचा आणि पाच वर्षांचा डीपीटी बूस्टर. या दोन्हींत घटसर्पाची लस असतेच. तिला नव्यानं काही लागलं नाही, आता दहाव्या वर्षी टीडी आणि मग सोळाव्या. प्रश्न आला तो मोठ्यांचा. मालक म्हणाले, "मला कशाला? दरसाली खुरपं नाहीतर पत्रा लागतो, धनुर्वाताचं इंजेक्शन होतंच की." तर नर्सबाई म्हणाल्या, ते टीटी फक्त धनुर्वाताचं. घटसर्पाचं त्यात काही नाही. लहानपणी घेतलेल्या लसीचा जोर वयाबरोबर उतरतो, म्हणून मोठ्यांना टीडी, त्यात दोन्ही येतं. सरकारी केंद्रात आता टीटीऐवजी टीडीच मिळतं. सासूबाईंनी "माझं काय आता राहिलंय" म्हणत म्हणत पहिला नंबर लावला.

खरं जिकिरीचं काम टोळीतल्या पोरांचं. कुणाचं कार्ड गावाकडं आजीच्या पेटीत, कुणाचं पावसात भिजलेलं, कुणाच्या आईला "दंडात एक दिलं होतं" एवढंच आठवतं. नर्सबाईंचा हिशेब सरळ होता: कागद नाही, तर लस झाली नाही असं धरायचं. एखादा डोस जास्त झाला तर बिघडत नाही. सात वर्षांच्या आतल्यांना डीपीटी, वरच्यांना टीडी. काहीच न झालेल्या बारक्यांना तीन डोस, मध्ये किमान चार आठवडे.

आणि आया नको म्हणत होत्या. आडाणी म्हणून नव्हे, त्यांचा हिशेब मला पटला. डीपीटीनं ताप येतो, मांडी सुजते, पोर रात्रभर रडतं, मग पहाटे फडात कोण जाणार? यावर नर्सबाईंनी भाषण नाही दिलं. लसीकरण संध्याकाळी, फडावरून माणसं परतल्यावर ठेवलं, तापाचं औषध वजनाप्रमाणे हातात दिलं, आणि टोचलेल्या जागी चोळू नका, गार पाण्याची घडी ठेवा म्हणून सांगितलं. अर्धा तास सगळ्यांना आमच्याच ओट्यावर बसवून घेतलं. मी चहा केला. दवाखान्यातल्या पोराची मावशी स्वतःच्या दोघांना घेऊन सगळ्यात आधी आली, मग बाकीच्या आल्या.

दुसरा डोस इथंच झाला. तिसऱ्याच्या वेळी मात्र फड संपला आणि टोळी कागलकडं हलली. मोबाईल नंबरावर यू-विनमध्ये, म्हणजे लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, नोंद होती, शिवाय नवी कार्डं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मुकादमाकडं दिली होती. नर्सबाईंनी तिकडच्या नर्सला फोन केला. बहुतेकांचा डोस झाल्याचं कळलं, दोघं मधेच गावाकडं गेलेली, त्यांचं राहिलं.

यंदा टोळी ठरवताना मालकांनी मुकादमाला फोनवरच सांगितलं, पाण्याचं आणि लाईटचं आम्ही बघतो, येताना पोरांची कार्डं तेवढी घेऊन या. तो "बघतो" म्हणाला. त्याचं बघतो म्हणजे काय ते माहीत असल्यानं टोळी उतरायची तारीख मी आशाताईंना आधीच कळवून ठेवलीय.