गॅरेजचं दार: शटर गेलं, कवाडं आली (आणि प्रियाचं इंजिन अजून उघडंच आहे)

तर मंडळी, मागच्या वेळी म्हणालो होतो की प्रियाचं, म्हणजे माझ्या जुन्या स्कूटरचं, इंजिन उघडतोय. ते उघडलं आणि तसंच पडलंय, कारण मधे गॅरेजचं दार आलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मी राहतो पुण्यात, कोथरूडला, इथे सोसायटीत एका स्कूटरच्या जागेसाठी मारामारी, त्यामुळे बाकीचा संसार, म्हणजे एक चेतक, एक साताऱ्याची प्रिया आणि एका लॅम्ब्रेटाची पोतंभर हाडं, हे सगळं दापोली तालुक्यातल्या घरी, आजोबांच्या जुन्या गोठ्यात. समुद्र चालत पाच मिनिटांवर. मी दोन वर्षं स्कूटरच्या पत्र्याला ग्रीस फासत बसलो आणि ज्या शटरच्या आत हा माल ठेवलाय ते शटरच सडत होतं, बोला.

३ जून २०२० ला निसर्ग वादळात गोठ्याची जुनी दारं आणि निम्मी कौलं गेली. तेव्हा सगळ्या तालुक्यालाच पत्रा, कौलं, सुतार हवे होते, जे मिळेल ते घ्यायचं असा काळ, म्हणून रोलिंग शटर बसवलं. चार पावसाळ्यांत त्याचा पापड झाला. जानेवारीत गेलो तर अर्ध्यावर अडकलं, काका म्हणाले "जोर लाव", मी लावला, आणि खालची दीड फूट पट्टी हातात आली. अक्षरशः हातात, बिस्किटासारखी.

ते शटर मी उतरवून अंगणात पसरून नीट बघितलं. मला वाटलं होतं बाहेरची बाजू, जिच्यावर थेट पाऊस बसतो, ती जास्त गेली असेल. उलटंच निघालं. बाहेरचा उघडा पत्रा बऱ्यापैकी ठीक होता आणि सगळ्यात वाट लागली होती ती वरच्या कव्हरच्या आत गुंडाळलेल्या पट्ट्यांची, बाजूच्या चॅनलमधे लपलेल्या टोकांची आणि दोन पट्ट्या जिथे एकमेकीत अडकतात त्या वळणाची. विचार केल्यावर कळलं, पाऊस मीठ धुऊन नेतो, आडोशाला ते तसंच साठत राहतं. आणि हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून ओलं होतं, पावसाळ्यात घरातल्या मिठाच्या बरणीचं होतं तेच. म्हणजे पाऊस नसतानाही ते वळण ओलंच. वर शटर वर-खाली करताना पट्टीवर पट्टी घासून गंज अडवणारा जस्ताचा थर त्याच जागी जातो. पुण्यात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस आणि हवेत मीठ नाही, तिथे हेच शटर वीस वर्षं निघतं. तिकडे दापोलीला तीन हजारांच्या वर पाऊस, वर खारं वारं.

मग पर्याय शोधणं सुरू झालं. ॲल्युमिनियमचं रोलिंग शटर बघितलं, चांगलं असतं पण वळणांचा प्रॉब्लेम तोच राहतो आणि आमचं घर महिना महिना बंद, न हलणारी वस्तू तिकडे जामच होते. मोटरवालं, आडव्या पॅनलचं, छताखाली सरकणारं दार बघितलं, एका शोरूममधे बटण दाबून पाच वेळा वर-खाली केलं (मजा येते, खोटं कशाला बोला), पण जुलैत तिकडे लाइट गेली की गेली, शिवाय त्या दाराच्या स्प्रिंगा गंजल्या तर गावात दुरुस्त कोण करणार? अंगावर तुटली तर माणूस जायचा. पीव्हीसीचा विचार वाऱ्यामुळे सोडला.

शेवटी आलो आजोबांच्याच डिझाइनवर. दोन झडपांचं साधं कवाड, आठ फूट बाय सात फूट, बाहेर उघडणारं. बाहेर का, तर वारा समुद्राकडून दारावर येतो, बाहेर उघडणारी झडप वाऱ्याने आणखी घट्ट चौकटीला चिकटते, आत उघडणारी असेल तर सगळा जोर कडीवर. दुसरं म्हणजे आतली जमीन बाहेरपेक्षा दोन इंच वर घेता येते आणि झडप त्या पायरीवर येऊन टेकते, पाणी आत यायला वाटच नाही. चौकट लोखंडी, वेल्डिंग करून नंतर अख्खी गरम जस्तात बुडवलेली, आणि वर सागवानी फळ्या.

फेब्रुवारी. नऱ्ह्याच्या एका वर्कशॉपमधे चौकटीचं काम दिलं, ४० बाय ४० चा दोन एमएम पाइप. त्यांचं म्हणणं, "कशाला खर्च करताय साहेब, रेड ऑक्साइड मारून ऑइलपेंट देतो, दहा वर्षं बघायला नको." पुण्यात खरंय ते. मी हट्ट सोडला नाही, झडपा टेम्पोत घालून भोसरीला गॅल्व्हनायझिंगवाल्याकडे नेल्या, तिथल्या माणसाने पाइपवर टिचकी मारली, एकदा उलटा केला आणि म्हणाला, "भोकं कुठायत?" मला कळेना. तर विषय असा की चारी बाजूंनी बंद पाइप साडेचारशे डिग्रीच्या वितळलेल्या जस्तात सोडला तर आतली हवा आणि ओल फुगून पाइप फुटतो, बॉम्बच. प्रत्येक कोपऱ्यात हवा जायला आणि जस्त निथळायला भोक लागतं. चौकट परत नऱ्ह्याला. शनिवार गेला, टेम्पोचे पैसे गेले, पण त्या माणसाचे आभारच, कारण त्यानेच पुढे सांगितलं की बिजागऱ्या लावून आणू नका, जस्त आत शिरून जाम होतील. मग बिजागरीऐवजी नुसते कान (पिन घालायला भोक असलेल्या पट्ट्या) वेल्ड केले, भोकं दोन एमएम मोठी पाडली (जस्त चढलं की लहान होतात) आणि पिन म्हणून नंतर स्टेनलेसचा बोल्ट, मधे नायलॉनची वॉशर. बाहेर आल्यावर झडपा अशा चंदेरी दिसत होत्या की त्यावर लाकूड लावायचं जिवावर आलं. एका झडपेला गरम होऊन जरासा पीळ आला होता, एका कोपऱ्यात साधारण सहा एमएम. ते पुढे रडवणार होतं.

बोल्टसाठी बोहरी आळीत दोन चकरा. स्टेनलेस म्हटलं की दुकानात ३०४ देतात, समुद्राकाठी ३०४ ला वर्षभरात चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग पडतात, ३१६ लागतं, त्यात मॉलिब्डेनम असतं म्हणून ते मिठाला टिकतं. चुंबकाने ३०४ आणि ३१६ मधला फरक कळत नाही, उगाच चुंबक घेऊन शायनिंग मारू नका, मी मारली, दुकानदार मनापासून हसला.

मार्च-एप्रिल, लाकूड. हा भाग माझा लाडका. पेठांमधले जुने वाडे पडतात त्यांचं सागवान टिंबर मार्केटला मिळतं, मला तुळयांमधून चिरलेल्या फळ्या मिळाल्या, वास अजून येत होता. मिस्त्रींनी रंध्यावर घेण्याआधी सगळे खिळे काढायला लावले, मी ऐंशी मोजले आणि मोजणं सोडलं, तरी एक राहिलाच आणि रंध्याच्या पात्याला गेला, त्यानंतर मिस्त्री माझ्याशी चहापर्यंत बोलले नाहीत. पाऊण इंचाची फळी धरली, एक झडप चौकटीसकट साठ किलोच्या आसपास.

इथे आमची एक वादावादी झाली. मिस्त्री फळ्या एकमेकींना घट्ट भिडवत होते, दिसायला सुरेख. पण एप्रिलमधे पुण्याची दुपार म्हणजे भट्टी, लाकूड पार वाळलेलं, हेच लाकूड जुलैत समुद्राकाठी ओल पिऊन आडवं फुगणार, लांबीत नाही पण रुंदीत फुगतंच, आणि बारा फळ्या मिळून फुगल्या की चौकट वाकवतील नाहीतर दार लागणार नाही. शेवटी खाच पाडून एक फळी दुसरीत सरकेल असं केलं आणि प्रत्येक सांध्यात तीन एमएम मोकळे ठेवले. मिस्त्री म्हणाले, "लोक म्हणतील मिस्त्रीला काम येत नाही." मी म्हटलं ऑगस्टमधे फोटो पाठवतो. लाकूड आणि जस्त यांच्यामधे रबराची पट्टी दिली, ओलं लाकूड आम्लधर्मी असतं, ते जस्त खातं.

मे. ताम्हिणीतून माणगाव, मंडणगड करत पिकअपने माल गावी. जानेवारीपासून आम्ही म्हणत होतो जूनच्या आधी निवांत उरकू आणि २०२५ च्या मान्सूनने २६ मे लाच मुंबई-पुणं गाठलं, त्याआधीचा वळीव वेगळाच. पागोळ्यांखाली उभं राहून ड्रिल चालवायची हौस असेल त्यांनी मे महिना निवडावा.

भिंत चिऱ्याची (कोकणातला लाल जांभा दगड), नऊ इंची. पहिला अँकर फास्टनर (भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट) मी पुण्याच्या सवयीने ठोकला, आवळायला घेतला, अर्धा फेरा घट्ट वाटला आणि मग नुसता गरागरा फिरायला लागला, भोकातून लाल भुकटी. चिरा सच्छिद्र आणि मऊ, फुगणाऱ्या अँकरला तो धरत नाही, जेवढं आवळाल तेवढा आतून चुरा. गावातले मेस्त्री (पुण्यात मिस्त्री, तिकडे मेस्त्री, माणूस तोच, दर वेगळे) कट्ट्यावर बसून बघत होते, म्हणाले, "आरपार काढा ओ." तसंच केलं. भिंतीच्या आरपार बारा एमएमचे दांडे, आतल्या बाजूने सहा एमएमची जस्त चढवलेली उभी पट्टी, म्हणजे दाराचं वजन एका चिऱ्यावर न येता अख्ख्या भिंतीवर. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला चार. आठ भोकांना दीड दिवस लागला.

पीळवाली झडप वरच्या कोपऱ्यात चौकट सोडून उभी राहायची. मधल्या कानाखाली नायलॉनच्या वॉशर वाढवून, खालचा कान थोडा बाहेर घेऊन कशीबशी बसवली, अजून बोट जाईल एवढी नाही पण पोस्टकार्ड जाईल एवढी फट आहे.

लाकडाला काय लावायचं यावर काकांचा निकाल आधीच झालेला होता, काजूच्या टरफलाचं तेल, होड्यांना लावतात ते. वाळवी येत नाही, पाणी धरत नाही, रंग काळपट तपकिरी. मला सांगितलेलं की हातमोजे घाल, मी घातले, पण कोपराने कपाळावरचा घाम पुसला. त्याआधी कोपर दाराला टेकलं होतं. चार दिवस कपाळावर असा डाग आणि फोड की ऑफिसात प्रत्येकजण विचारून जायचा. आणि हे तेल वाळायला भरपूर उन्हाचे दिवस लागतात, आम्हाला मिळाले तीन. जूनभर दार चिकट होतं, एक पतंग आणि काकांचा टॉवेल कायमचा चिकटला.

आता ऑगस्ट. मागच्या आठवड्यात गेलो होतो. जमीन आतून कोरडी, पायरीवर पाणी येऊन परत गेल्याच्या खुणा. फळ्यांमधले तीन एमएम जवळजवळ संपलेत, एका सांध्यात पत्त्यांच्या कॅटमधलं पान जेमतेम जातं, त्याचा फोटो मिस्त्रींना पाठवला, त्यांनी अंगठा पाठवला. बास, अंगठाच.

एक घाण झाली. अल्ड्रॉपचं (कुलूप लावायच्या मोठ्या कडीचं) भोक मी भोसरीला जायच्या आधी पाडायला विसरलो होतो, ते गावी ड्रिलने पाडलं आणि जस्ताचा रंग लावू लावू म्हणत राहून गेलं. एवढ्या मोठ्या चौकटीवर कुठेही काही नाही आणि बरोबर त्या एका भोकाखाली वीतभर लांबीचा लाल ओघळ. काकांनी तो मी पोचायच्या आधीच बघितला होता, फाटकातच सांगितलं, "तुझं दार रडायला लागलंय."

गणपतीला जाताना जस्ताच्या रंगाचा डबा आणि पॉलिश पेपर पिशवीत आधी भरतोय, मोदकाचे साचे नंतर. प्रियाच्या क्रॅंकचे बेअरिंग नाना पेठेतून आणून ठेवलेत, ते त्याच पिशवीत.