सिग्नस एक्स-२ आणि मधोमध पाडलेलं भोक

सिग्नस एक्स-२ या न्यूट्रॉन तारा असलेल्या एक्स-रे जोडीचा, भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहाने टिपलेला डेटा आर्काइव्हमधून घेतला तेव्हा जो तो म्हणाला, "ब्राइट सोर्स आहे, चंगळ आहे तुझी!" यातल्या एकानेही एसएक्सटीचा (ॲस्ट्रोसॅटवरच्या सॉफ्ट एक्स-रे दुर्बिणीचा) पाइल-अप, म्हणजे फोटॉनांची गर्दी होऊन मोजणीत होणारा घोळ, निस्तरलेला नव्हता, एवढं नक्की.

डेटा उतरवला, ऑर्बिटच्या फाइली जोडल्या, तिथवर सगळं सुरळीत. पुढे स्पेक्ट्रमवर मॉडेलचं फिटच बसेना. डिस्कबीबी (तप्त तबकडी) लावा, बीबॉडी (कृष्णवस्तू) जोडा, एनथकॉम्प (कॉम्प्टन विखुरण) लावा, काय-स्क्वेअर, म्हणजे फिट किती चुकतंय त्याचं माप, हटून बसलेला. ग्रुप मीटिंगमधला ठरलेला सल्ला: "अजून एक कॉम्पोनंट टाकून बघ." अहो, टाकला की फिट सुधारणारच, पण त्या कॉम्पोनंटला अर्थ काय?

मुळात एसएक्सटीचा सीसीडी फोटॉन काउंटिंग मोडमध्ये एका फ्रेमला सुमारे २.४ सेकंद घेतो. तेवढ्यात एकाच जागी दोन फोटॉन पडले की दोघांची ऊर्जा एकत्र धरून एकच नोंद होते. खालचे फोटॉन गायब, वरच्या टोकाला फुकटची भर. फास्ट विंडो मोडमध्ये हाच वेळ ०.२७८ सेकंद असतो, पण निरीक्षणाची वेळ मागणाऱ्याने तो मोडच मागितला नव्हता. स्वतः प्रपोजल लिहिणार असाल तर हे आधी बघा.

उपाय एकच. प्रतिमेच्या मधोमध भोक पाडायचं आणि भोवतीच्या कड्यातला स्पेक्ट्रम घ्यायचा. आतली त्रिज्या एक आर्कमिनिटापासून वाढवत न्यायची. स्पेक्ट्रमचा आकार बदलायचा थांबला की तिथे थांबायचं. दर वेळी त्या कड्याचा एआरएफ (कोणत्या ऊर्जेचे किती फोटॉन टिपले जातात ते सांगणारी फाइल) नव्याने बनवायचा, जुना चालत नाही. सगळ्यात उजळ भाग टाकून देताना जीव तुटतो, पण या दुर्बिणीची प्रतिमा चांगलीच पसरट असल्यामुळे बाहेरही पुरेसे फोटॉन उरतात. मग मात्र दोन कॉम्पोनंटमध्ये काम भागलं. पुढच्या मीटिंगमध्ये तो प्लॉट मी जरा जास्तच वेळ पडद्यावर ठेवला!

हो, १.८ आणि २.२ केईव्हीपाशी (केईव्ही हे फोटॉनच्या ऊर्जेचं एकक) खाचा दिसल्या तर त्या ताऱ्याच्या नव्हेत, उपकरणातल्याच सिलिकॉन आणि सोन्याच्या आहेत. गेन फिटमध्ये (ऊर्जेची मोजपट्टी जुळवताना) स्लोप १ ठेवून फक्त ऑफसेट मोकळा सोडा. लॅक्सपीसीचं (ॲस्ट्रोसॅटवरच्याच जास्त ऊर्जेच्या एक्स-रे डिटेक्टरचं) २० क्रमांकाचं युनिटच घ्या आणि त्यातल्या लोहरेषेच्या रुंदीवरून मोठे निष्कर्ष काढू नका. त्याचं रिझोल्यूशन तेवढं नाही. आणि हे खरं तर सगळ्यात आधी करायचं: हार्डनेस-इंटेन्सिटी (एक्स-रे 'रंग' विरुद्ध तेज) आकृती काढून तिच्यात उमटणाऱ्या झेड आकाराच्या फांद्यांप्रमाणे, म्हणजे स्रोताच्या अवस्थांप्रमाणे, डेटा वेगळा करा. सरसकट सरासरी काढली तर नॉर्मल आणि फ्लेअरिंग ब्रँचची खिचडी फिट करत बसाल.